पाच चिंचांचं पत्र

मनोहरभाऊ,

तुमची वही माझ्याकडे आहे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कुसुमवहिनींनी मला घरी बोलावलं आणि कापडी पिशवीत घालून ती माझ्या हातात दिली. खात्यातल्या नव्या साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. “त्यांना वही हवी आहे, तुम्ही तिथेच जन्म काढलात तर तुम्हीच नेऊन द्या,” असं वहिनी मला म्हणाल्या. मी पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि खात्यात जायचं सोडून सरळ घरी आलो. त्यानंतर पाच दिवस ती माझ्या टेबलावर पडून होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सरकारी माणूस रिटायर झाला तरी कागद दाबून ठेवायची सवय काही सुटत नाही.

ही थट्टा तुम्ही माझ्यावर वर्षानुवर्षं केलीत आणि मी दरवेळी हसलो. तिच्यात खरं किती होतं, ते सांगायचं राहून गेलं. नऊ वर्षं तुम्ही एका चुकीचं ओझं वागवलंत. ती चूक तुमची नव्हती, माझी होती. एवढंच सांगायचं होतं मला. एवढंच सांगायला नऊ वर्षं पुरली नाहीत.

आता सांगतोच आहे तर पहिल्यापासून सांगतो. घाईनं सांगितलं की मी स्वतःला लवकर सोडवून घेतो, हा माझा जुना गुण तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही पहिल्यांदा खात्यात आलात ते भांडायलाच. मी आवक-जावकच्या टेबलावर बसायचो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात यायचा, मी त्यावर शिक्का मारायचा, रजिस्टरला चढवायचा आणि वर पाठवायचा. झाडांचं आणि बागांचं खातं, त्यामुळे येणारे लोक बहुतेक फांदी तोडून मागायला यायचे. तुम्ही मात्र आमच्या खात्यानं चिमण्यांसाठी खांबाखांबांवर ठोकलेल्या खोक्यांची तक्रार घेऊन आला होतात. खोकी पत्र्याची होती, हिरवा रंग दिलेली, आणि सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. सरकारनं शहरातल्या पक्ष्यांसाठी काहीतरी केलं म्हणून आम्ही सगळे खूश होतो. तुम्ही माझा अर्धा डबा तसाच ठेवायला लावून मला बाहेर नेलंत. मे महिना, दुपारचा एक. नागपूरचं ऊन काय ते मी सांगायला नको. जवळच्या खांबाखाली स्टूल ठेवलंत आणि म्हणालात, हात घाला आत. मी घातला आणि चटका बसून काढला.

“आता सांग गा,” तुम्ही म्हणालात, “तू देशीन का यात अंडे?”

साहेबांची परवानगी न घेताच मी हसलो. तिथून आपली ओळख झाली आणि दोन महिन्यांत तिची मैत्री झाली. तुम्ही लकडगंजात चाळीस वर्षं लाकूड मोजायचं काम केलेलं. सागाचे ओंडके ट्रकमधून उतरले की टेप लावायचा, लांबी-गोलाई काढायची आणि ओंडक्याच्या तोंडावर खडूनं नंबर टाकायचा. बिननंबरचा ओंडका तुमच्या हातून कधी आरा मशीनवर गेला नाही, हे तुम्ही छाती फुगवून सांगायचात. काम सोडल्यावर तुम्ही प्रताप नगरात राहायला आलात आणि सकाळी फिरता फिरता माना वर करून पक्षी बघायला लागलात. याचं कारण विचारलं तर म्हणालात, “जिंदगीभर मेलेली झाडं मोजली गा, आता जित्ती पाहून राहिलो.”

आपली रोजची सकाळ ठरलेली होती. साडेसहाला चौकात भेटायचं, दवाखान्यासमोरच्या रस्त्यानं जायचं, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे खाऊन परतायचं. त्या रस्त्यावर ओळीनं पाच चिंचा होत्या. जुन्या, भल्या घेराच्या. उन्हाळा सरत आला की गायबगळ्यांची डोकी केशरी व्हायची आणि ते त्या चिंचांवर काड्या आणायला लागायचे. त्यांच्या जोडीला ढोकरी, रातबगळे. खाली उभं राहिलं की डोक्यावर प्रसाद पडणारच. तुम्ही टोपी घालायचात, मी घालायचो नाही, त्यामुळे प्रसाद नेमका मला मिळायचा आणि तुम्ही म्हणायचात, सरकारवर त्यांचा विशेष लोभ आहे.

आपला वादही याच रस्त्यावर व्हायचा. माझं म्हणणं असायचं, शहरातले पक्षी वाचवायचे तर सरकारनंच मनावर घेतलं पाहिजे. माणसं येतील जातील, आदेश मागे राहतो. तुम्हाला ते पटायचं नाही. तुम्ही म्हणायचात, सरकार रागावलं तरी झाड तोडल्या जाते आणि सरकारले प्रेम आलं तरी झाड तोडल्या जाते, प्रेमात फक्त त्या जागी कारंजं येते. तुम्हाला सरकारकडून एकच गोष्ट हवी होती. घरट्यांच्या दिवसांत करवत थांबवावी, बस. बाकीचं पक्षी स्वतः बघून घेतात. मी म्हणायचो, भाऊ, करवत थांबवायलासुद्धा कागदच लागतो. यावर तुम्ही पोह्यांवर लिंबू पिळायचात.

आणि एक दिवस तुम्ही कागद घेऊन आलात.

मे संपत आला होता. दरवर्षी पावसाळ्याआधी आमचं खातं रस्त्यावरच्या झाडांची छाटणी करायचं, वाऱ्यानं फांद्या पडून कोणाला लागू नये म्हणून. त्या वर्षी बगळे लवकर बसले होते. तुम्ही आयुष्यात कोणाला अर्ज लिहिला नव्हता, पण माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून तो लिहिलात. दवाखान्यासमोर, रसवंतीच्या बाजूने ओळीत असलेल्या पाच चिंचांवर बगळ्यांची घरटी आहेत, पिलं उडेपर्यंत त्यांची छाटणी करू नये. खाली सही. दोन प्रती, मी शिकवल्याप्रमाणे. सरकारी कचेरीत कागद दिला की आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्यावा, त्याला पोच म्हणतात, पोच नाही तर कागद दिलाच नाही असं समजावं, हे मीच तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं. तुम्ही दुसरी प्रत पुढे केलीत. मी जेवायला उठत होतो, शिक्का कपाटात ठेवला होता. मी म्हणालो, “राहू द्या भाऊ, आपल्यात कसली पोच?”

तुम्हाला ते ऐकून बरं वाटलं. मला आठवतं, तुम्ही ती प्रत घडी करून खिशात ठेवलीत आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात.

ते पत्र मी टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं. साहेब बाहेरगावी होते. आल्यावर स्वतः नेऊन सही घ्यायची, आपल्या माणसाचं काम, शिपायाकडे कशाला, असा विचार केला. दुसऱ्या दिवसापासून मी रजेवर गेलो. लेकीचं, माधवीचं लग्न होतं कामठीला, तुम्ही आणि वहिनी आला होतात, पंगतीत वाढत होतात. तुम्ही तेव्हाही विचारलंत, पत्राचं झालं ना? मी पाहुण्यांच्या गडबडीत मान डोलावली. खरंच वाटलं होतं मला की झालं. रजेवरून आलो तेव्हा टेबलावर कागदांचा डोंगर होता. छाटणीच्या रस्त्यांची यादी कंत्राटदाराला पाठवायची होती, ती मीच टाइप केली. दवाखान्यासमोरचा रस्ता त्यात होता. माझ्या बोटांनी तो टाइप केला भाऊ, आणि मला काही आठवलं नाही.

पुढचं तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं. फोनवर तुमचा आवाज ओळखू येत नव्हता. मी पोचलो तेव्हा तीन चिंचा उघड्या झाल्या होत्या आणि चौथीवर शिडी लागली होती. रस्त्यावर फांद्या, फांद्यांत घरटी, फुटलेली निळसर अंडी. पिलांना अजून पंखही फुटले नव्हते. कावळे जमले होते. मोठे बगळे वर घिरट्या घालत होते आणि बसायला जागा शोधत होते. मुकादम भला माणूस होता, त्यानं करवत थांबवली आणि मला कागद दाखवला. साहेब, कागदात हाच रस्ता आहे, तो म्हणाला. तुम्ही गुडघ्यांवर बसून दुपट्ट्यात पिलं वेचत होतात. माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

वहिनींनी ती पिलं वाचवायची केवढी खटपट केली. जन्मात मासळीला हात न लावलेली बाई बाजारातून बोटाएवढी मासोळी आणून कात्रीनं कापून भरवत होती. तिसऱ्या दिवशी शेवटचं पिलू गेलं. मग तुम्ही खात्यात आलात.

तुम्ही माझ्या टेबलासमोर उभे होतात. खालचा खण माझ्या गुडघ्याला लागत होता. त्याच्या आदल्या दिवशीच मी तो उघडला होता आणि पत्र पाहिलं होतं, त्यामुळे मला काहीच माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

“प्रकाश,” तुम्ही म्हणालात, “माह्या पत्राचं काय झालं गा?”

तेव्हा खरं बोललो असतो तर तुम्ही चिडला असतात. कदाचित महिनाभर पोह्यांना आला नसतात. मग आला असतात. हे मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त तुमचा चेहरा दिसत होता आणि आजूबाजूची टेबलं ऐकत होती. मी म्हणालो, “पत्र वर गेलं होतं भाऊ. पण त्यात झाडांचे नंबर नव्हते. नंबराशिवाय आदेश निघत नाही.”

शहरातल्या झाडांवर गणतीच्या वेळी पत्र्याचे छोटे नंबर ठोकले आहेत, ते तुमच्या पत्रात नव्हते हे खरं. पण रसवंतीजवळच्या पाच चिंचा म्हटल्यावर कोणाला कळल्या नसत्या? मला त्या क्षणी एक कारण हवं होतं आणि तुमच्याच पत्रात ते सापडलं. तुम्ही माझ्या तांब्यातलं पाणी प्यायलात.

“नंबर नव्हते,” तुम्ही म्हणालात. “चाळीस वर्षं मेलेल्या लाकडावर नंबर टाकले मी. अन् जित्त्या झाडाचा लिहाले विसरलो.”

आणि निघून गेलात. बाकी कोणाला मी हे कारण सांगितलं असतं तर त्यानं माझ्याशी भांडण केलं असतं. लाकूड मोजणाऱ्या माणसाला ते बरोबर लागलं. मी ते मुद्दाम निवडलं नव्हतं. पण लागलं तेव्हा मागेही घेतलं नाही.

त्या आठवड्यात तुम्ही ही वही घेतलीत. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही शहरभर झाडांचे नंबर लिहीत फिरलात. सायकल झाडाला टेकवायची, चष्मा पुसायचा, गंजलेल्या पत्र्यावरचा आकडा बोटानं चाचपून वाचायचा. नंबर, झाड, रस्ता, कोणता पक्षी, घरटी किती, काड्या कधी आल्या, पिलं कधी उडाली. जिथे पत्रा पडून गेला होता तिथे तुम्ही आमच्या खात्यात येऊन जुन्या यादीतून नंबर शोधायला लावायचात, आणि शोधून देणारा मीच असायचो. एकदा मी म्हणालो, भाऊ, एक आकडा राहिला तर काय बिघडतं? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी परत विचारलं नाही.

तुम्ही फिरायचा रस्ताही बदललात. दवाखान्यावरून न जाता देवळामागून मोठा वळसा घालून दुसऱ्या गाडीवर पोहे खायला जाऊ लागलात. मी तुमची किती टर उडवली. तर्री जास्त मिळते म्हणून मनोहरभाऊ मैलभर तंगडतोड करतात, असं चारचौघांत सांगायचो. तुम्ही हसायचात, आणि आपली तर्रीची वाटी माझ्याकडे सरकवायचात. ती मी ओरपायचो. का सरकवता, हे एकदाही विचारलं नाही.

गेल्या वर्षी सरकारची नवी योजना आली, शहरांतल्या पक्ष्यांच्या जागा राखायची. ज्या झाडांवर घरटी होतात त्यांची यादी करायची, त्यांच्यावर पाटी लावायची, आणि घरट्यांच्या महिन्यांत त्यांच्या फांदीला हात लावायचा नाही. तुम्हाला हवं होतं तेवढंच, शब्दाला शब्द. मी पेढे घेऊन तुमच्याकडे आलो आणि म्हणालो, हरलात ना भाऊ, शेवटी सरकारच कामाला आलं. तुम्ही म्हणालात, पाटीला खिळा ठोकतील का बांधतील, ते पाहू अन् मग हरू. तो वाद अजून अर्धाच आहे. यादी करायला खात्याकडे काही नव्हतं. तुमची वही होती. पहिली काही पानं तुम्ही उतरवून दिलीत, आपल्या भागातल्या झाडांना पाट्या लागल्या. खिळे ठोकले नाहीत, तारेनं बांधल्या आहेत. पण तार फार करकचून बांधली आहे, दोन वर्षांत सालीत रुतेल. मी रोज पक्कड घेऊन जातो आणि दोन-चार सैल करून येतो. हे तुम्हाला आवडलं असतं. बाकीच्या झाडांसाठी पूर्ण वही द्यायची होती, ती द्यायच्या आधी तुम्ही इस्पितळात दाखल झालात.

तिथे मला सांगायची वेळ मिळाली होती. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच. तुम्हाला धाप लागत होती, तरी नाकावरची नळी बाजूला करून विचारलंत, “आदेश निघाला का गा?”

मी म्हणालो, आपल्या भागाचा निघाला.

“नंबर सगळे बरोबर आहेत ना? नाही तर अजून राहून जाईन काही.”

माझ्या तोंडाशी आलं होतं, भाऊ. अगदी ओठांवर. मी म्हणालो, “आहेत, सगळे आहेत,” आणि तुमच्या अंगावरची चादर नीट केली. तुम्ही डोळे मिटलेत. मी स्वतःला सांगितलं, आजारी माणसाला कशाला त्रास द्या. भेकड माणसाला असली कारणं लगेच सुचतात.

वही घरी आणली त्या संध्याकाळी उघडली. पहिल्या पानावर तुम्ही त्या पत्राची दुसरी प्रत डकवली आहे, मी बिनशिक्क्याची परत केलेली. घडीवर फाटली होती, तिला मागून कागद लावला आहे. पत्राच्या खाली लाल शाईनं दोन ओळी आहेत. नंबर लिहिले नाही. चूक माझी.

म्हणून पाच दिवस वही दिली नाही. ती तशीच दिली तर ते वाक्य सरकारी दप्तरात कायमचं राहणार होतं. आणि खरं सांगून द्यायची तर माझं नाव राहणार होतं. पान फाडून टाकायचाही विचार आला, तोही लपवत नाही. पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या रस्त्यावर करवतीचा आवाज आला. मे संपत आला आहे. छाटणी सुरू झाली आहे. तुमचा कागद याही वर्षी माझ्याच घरात आहे.

मी वही आणि खणातलं ते मूळ पत्र घेतलं. हो, ते मी जपून ठेवलं आहे, रिटायर झालो त्या दिवशी डब्याच्या पिशवीतून घरी आणलं होतं. तसाच वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पत्र सुपाशेजारी ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही. नुसतं तुमच्या अक्षराकडे बघत राहिल्या. तेव्हा मी एक वाईट गोष्ट केली. म्हणालो, वहिनी, पण त्या खोट्यामुळेच तर भाऊंनी ही वही लिहिली, आज एवढी झाडं वाचली.

“असं म्हणू नका भाऊजी,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “झाडं त्याईनं वाचवली. तुमच्या खोट्यानं नाही वाचवली.”

मी खाली मान घातली. मग त्यांनी मला विचारलं, चिंचांच्या रस्त्यानं ते पुन्हा का गेले नाहीत, ठाऊक आहे का? मी म्हणालो, ते पोह्यांसाठी वळसा घालायचे.

“त्याईले तर्री चालत नव्हती. डॉक्टरनं सात वर्षांपासून बंद केली होती. त्या चिंचा पाहणं होत नव्हतं, म्हणून जात तिकडून. तुमाले सांगू नको म्हणे. प्रकाशनं माह्यासाठी कागद वर नेला होता, त्याले वाईट वाटन म्हणे.”

मनोहरभाऊ, मी तुमच्या वाटीतली तर्री खात होतो.

मी रडलो. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी मला पाणीही विचारलं नाही आणि ते योग्यच होतं. मग मी विचारलं, त्या पानावर मी काही लिहिलं तर चालेल का? त्यांनी वही उघडली, लाल ओळींवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर सरकवली. लिहा, म्हणाल्या, पण आत्ता लिहा, माझ्यासमोर, आणि मग लगेच नेऊन द्या. तिकडं करवत सुरू झाली आहे.

कचेरीत एखादी चुकीची नोंद दुरुस्त करायची असली तर ती गिरगटून टाकत नाहीत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नोंदींवर हे केलं. “चूक माझी” या शब्दांवर मी पट्टी ठेवून एक रेघ मारली आणि बाजूला माझी सही केली. पूर्ण सही, आद्याक्षरं नाहीत. मग डकवलेल्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे शिक्का बसतो आणि जिथे जागा नऊ वर्षं रिकामी होती, तिथे लिहिलं. वहिनींनी ते वाचलं आणि वही पिशवीत घातली.

तासाभरात मी खात्यात होतो. माझ्या टेबलावर आता एक तरुण मुलगी बसते. ती मला ओळखते. तिनं वही घेतली, मी दोन पानी अर्ज दिला, त्या पाच दिवसांत झाडांचे सगळे नंबर उतरवून तयार ठेवलेला, आणि माझी प्रत पुढे केली. ती हसून म्हणाली, काका, तुम्ही तर आपलेच, तुम्हाला कशाला पोच? मी म्हणालो, मारा बाई शिक्का, मी इथेच उभा आहे. तिनं मारला. तारीख नीट उमटली नव्हती, मी दुसऱ्यांदा मारायला लावली. साहेबांनी माझ्यासमोर पहिलं पान उघडलं, कोपऱ्यातलं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकादमाला फोन लावला.

परत येताना मी दवाखान्यासमोरून आलो. चिंचा पुन्हा भरल्या आहेत, तुम्ही बघितलं असतंत तर बरं झालं असतं. बगळे मात्र तिथे परत आलेले नाहीत. मी बराच वेळ टोपी न घालता खाली उभा राहिलो.

कोपऱ्यात काय लिहिलं ते तुम्हाला कळायला हवं. पोच आहे, ती ज्याची त्याला मिळाली पाहिजे.

श्री. मनोहरभाऊ यांचे पत्र मला वेळेवर मिळाले. ते मी पुढे पाठवले नाही. पत्रात काहीही कमी नव्हते.